तालमीचा हक्क

प्राथमिक जीवरक्षणाच्या प्रशिक्षणाला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा रबरी पुतळ्याच्या छातीवर दाब देताना माझी मोजणी अठरावर अडकली. तोवर सगळं नीट चाललं होतं. तळहाताची टाच छातीच्या मधल्या हाडावर, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ, खांदे सरळ हातांच्या रेषेत. दाब पुरेसा खोल गेला की पुतळ्यातून 'टक्' असा आवाज यायचा, तोही येत होता. मग प्रशिक्षकांनी गर्दीच्या आरडाओरड्याचं ध्वनिमुद्रण लावलं, वर्गातल्या एका बाईंना माझ्या कानाशी येऊन 'अहो लवकर करा ना काहीतरी' असं ओरडायला सांगितलं, आणि माझ्या डोक्यातले आकडेच पुसले गेले. अठरा, एकोणीस, पुन्हा अठरा. दाब उथळ झाले. टक् थांबला.

आता हे म्हणणार, 'शांत व्हा.' मी त्याचीच वाट पाहत होते. ते म्हणाले, "मोठ्याने मोजा. दारापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

मोठ्याने मोजायला लागले आणि हात ताळ्यावर आले. छातीतली धडधड तशीच होती, कपाळावर घाम होता, त्या बाई ओरडतच होत्या. पण वीस आले, एकवीस आले, तीस झाले, दोन श्वास दिले आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. शांत मी क्षणभरही झाले नव्हते. काम मात्र बरोबर होत होतं.

त्या दिवसापासून 'डोकं थंड ठेवा' हा सल्ला मला खटकू लागला. परीक्षेच्या दारात पालक तो देतात, अतिदक्षता विभागात वरिष्ठ देतात, नियंत्रण कक्षात अधिकारी देतात. देणाऱ्याचं काम तेवढ्यावर संपतं. ऐकणाऱ्याचं दुप्पट होतं, कारण समोरचं संकट तर निस्तरायचंच, वर आपली घबराटही कुणाला दिसू द्यायची नाही. ऐनवेळी भान राखणं हा स्वभावाचा भाग थोडा आणि आधी करून घेतलेल्या तयारीचा भाग फार मोठा असतो. ती तयारी करून घेण्याची जबाबदारी काम सोपवणाऱ्याची आहे. तालीम न देता धीराची अपेक्षा करणं हा अन्याय आहे, आणि तो आपण रोज, अगदी सहज करतो.

धीर म्हणजे शरीर थंड असणं, हा समज आधी बाजूला ठेवू. २० जुलै १९६९ रोजी नील आर्मस्ट्राँग चंद्रावर यान उतरवत होते, तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १५० च्या आसपास गेले होते. पृथ्वीवर बसलेल्या डॉक्टरांना ते दिसत होते. आवाजात मात्र फरक नव्हता, हातही चुकत नव्हते. जगाने त्यांना निर्विकार म्हटलं. त्यांचं हृदय निर्विकार नव्हतं.

त्याच उतरणीतला दुसरा प्रसंग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. यान खाली येत असताना संगणकाने १२०२ क्रमांकाची धोक्याची सूचना दिली. तिचा अर्थ आर्मस्ट्राँग यांना उमगेना, त्यांनी पृथ्वीवर विचारलं. निर्णय द्यायचा होता नियंत्रण कक्षातल्या स्टीव्ह बेल्स यांनी. वय २६. त्यांच्या मदतीला मागच्या खोलीत होते जॅक गार्मन. वय २४. काही सेकंदांत उत्तर गेलं, उतरा. संगणकावर कामाचा भार जास्त झाला होता, पण तो महत्त्वाची कामं आधी करून बाकीची सोडून देत होता, त्यामुळे यानाला धोका नव्हता. सूचना पुन्हा पुन्हा वाजली आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर गेलं.

पंचविशीतल्या पोरांना हे धैर्य आलं कुठून? दोनेक आठवडे आधी तालमीत प्रशिक्षकांनी मुद्दाम असाच एक इशारा वाजवला होता. तेव्हा बेल्स गोंधळले आणि त्यांनी उतरणं रद्द करायला सांगितलं. निर्णय चुकीचा होता, यान उतरू शकलं असतं. सगळ्यांसमोर ही चूक झाली. उड्डाण संचालक जीन क्रँझ यांनी त्यानंतर बेल्स यांना बदललं नाही. संगणकाच्या प्रत्येक इशाऱ्याचा अभ्यास करा आणि कोणत्या इशाऱ्याला काय करायचं ते लिहून काढा, असं सांगितलं. गार्मन यांनी हाताने लिहिलेली ती यादी प्रत्यक्ष उतरण्याच्या दिवशी त्यांच्या टेबलावर काचेखाली होती. चंद्रावरच्या उतरणीतल्या धीराची मुळं मला तिथे दिसतात. चूक करायला सुरक्षित जागा मिळाली, चुकलेल्या माणसाला खुर्चीवर राहू दिलं गेलं आणि चुकीतून निघालेला कागद हाताशी ठेवला गेला.

यावर लोक म्हणतात, काही माणसं जात्याच खंबीर असतात, तीच निवडावीत. माणसामाणसांत फरक असतो, हे कोण नाकारेल? पण आपण ज्यांना जात्याच खंबीर समजतो त्यांच्याकडे जरा जवळून पाहावं. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांच्या थव्याला धडकून एका प्रवासी विमानाची दोन्ही इंजिनं निकामी झाली. वैमानिक चेस्ली सलेनबर्गर यांनी ते हडसन नदीवर उतरवलं आणि विमानातली सगळी १५५ माणसं वाचली. धडकेपासून पाण्यापर्यंत साधारण २०८ सेकंद मिळाले होते. पोटात खड्डा पडावा, पायाखालची जमीन सरकावी तसं त्या क्षणी वाटलं, हे त्यांनीच पुढे सांगितलं. आणि आपण ४२ वर्षं अनुभवाच्या आणि प्रशिक्षणाच्या खात्यात थोडी थोडी शिल्लक टाकत आलो, त्या दिवशी ती एकदम काढता आली, असंही सांगितलं. शेजारी बसलेले जेफ्री स्काइल्स या प्रकारच्या विमानावर नवे होते, पण त्यांचं प्रशिक्षण नुकतंच संपलं होतं. तपासणी-यादी त्यांना पटकन सापडली ती त्यामुळेच.

त्याच वर्षी १ जूनला रिओहून पॅरिसला निघालेलं एक विमान अटलांटिक महासागरात कोसळलं आणि २२८ जण गेले. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, आकडे विसंगत झाले, स्वयंचलित उड्डाण बंद पडलं आणि विमान अचानक माणसांच्या हाती आलं. नाक वर ओढलं गेलं, विमानाखालचा आधार सुटला, तसा इशारा वाजत राहिला आणि साडेचार मिनिटांच्या आत सगळं संपलं. हे वैमानिक घाबरट होते, असं म्हणून मोकळं होता येत नाही. एवढ्या उंचीवर विमान हाताने हाताळण्याचं आणि वेगाचे आकडे अविश्वसनीय झाले तर काय करायचं याचं तिथलं प्रशिक्षण त्यांना दिलेलंच नव्हतं, यावर फ्रेंच तपास यंत्रणेने बोट ठेवलं. सगळं सुरळीत असताना यंत्रच विमान चालवतं. माणसाच्या हाती ते येतं तेव्हा वेळ वाईट आलेली असते, आणि त्या वाईट वेळेची तालीमच झालेली नसते.

शरीरात काय घडतं ते थोडक्यात सांगते. धोका जाणवला की अॅड्रेनलिन वाढतं, ठोके वाढतात, स्नायूंकडे रक्त धावतं. पळायला हे उत्तम. पण मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे पर्याय तोलणारा, दोन गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवणारा भाग, याच काळात ढिला पडतो. नजर एका जागी खिळते, कान काही ऐकेनासे होतात, वेळेचा अंदाज सुटतो. हात मात्र अंगवळणी पडलेलं करत राहतात. म्हणून जे काही सुचायला हवं ते आधी अंगवळणी पाडायचं किंवा कागदावर आणायचं. तहान लागल्यावर विहीर खणायला बसायचं नाही.

आता थोडी अवघड बाजू. शांत असणं हेच उद्दिष्ट धरलं तर त्यातूनही माणसं मरतात. २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेत पोर्टलंडजवळ एका विमानाच्या चाकांबद्दल शंका आली. कप्तानांनी घाई केली नाही. प्रवाशांची तयारी नीट व्हावी म्हणून ते जवळपास तासभर विमान घिरट्या घालत ठेवून होते. घबराट कुठेच नव्हती. इंधन संपत आलं होतं. सोबतच्यांनी ते सांगितलं, पण अदबीने, आडून. शेवटी इंजिनं बंद पडली, विमान शहराच्या कडेला पडलं आणि १० जणांचा जीव गेला. चाकांवर खिळलेलं लक्ष सोडवून 'साहेब, इंधन संपतंय, आत्ता उतरा' असं ठणकावून म्हणणारं कुणी नव्हतं. या आणि अशा अपघातांनंतर १९७९ मध्ये नासाने कार्यशाळा घेतली. १९८१ मध्ये त्याच विमान कंपनीने वैमानिकांसाठी एक नवं प्रशिक्षण सुरू केलं. त्यात उड्डाणाचं कौशल्य शिकवायचं नव्हतं. वरिष्ठाला कसं अडवायचं आणि कनिष्ठाचं कसं ऐकायचं, ते शिकवायचं होतं.

रुग्णालयांना हे कळायला आणखी बरीच वर्षं लागली. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये एका तरुण स्त्रीला अगदी नेहमीच्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिली गेली आणि तिचा श्वासमार्ग बंद झाला. खोलीत अनुभवी डॉक्टर होते. ते घशातून नळी घालायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करत राहिले, वीस मिनिटं उलटून गेली तरी. अशा वेळी गळ्यातून थेट वाट करायची असते. ते परिचारिकांना ठाऊक होतं. एकीने तर तो संच आणूनही ठेवला होता. वरिष्ठ एका कामात गढलेले असताना त्यांना कोणत्या शब्दांत थांबवायचं, हे कुणी कधी शिकवलं नव्हतं. ती स्त्री वाचली नाही. तिचा नवरा व्यवसायाने वैमानिक होता. त्याने कुणाला शिक्षा व्हावी यासाठी धडपड केली नाही. अशा वेळी माणसं कशी वागतात हे डॉक्टरांना शिकवलं जावं, यासाठी त्याने काम सुरू केलं. मी हा प्रसंग जेव्हा जेव्हा आठवते, तेव्हा माझं लक्ष त्या आणून ठेवलेल्या संचावर जातं. संच होता, माहिती होती, माणूस होता. नव्हतं ते फक्त 'डॉक्टर, थांबा' हे वाक्य, तोंडात बसलेलं.

हे वाक्य तोंडात बसवता येतं. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची तपासणी-यादी आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत वापरून पाहिली. २००९ मध्ये निष्कर्ष आले, मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचं ११ वरून ७ टक्क्यांवर आलं होतं. त्या यादीतली एक ओळ वाचताना क्षुल्लक वाटते. काप घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. एकदा तोंड उघडलेल्या माणसाला दुसऱ्यांदा उघडणं सोपं जातं, एवढंच त्यामागचं कारण. पण पुढचंही सांगायला हवं. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांत ही यादी आणली गेली आणि २०१४ मध्ये तपासल्यावर मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. माझ्या मते यात आश्चर्य नाही. वरून आदेश आला, कागद भिंतीवर लागला, चौकटींत खुणा झाल्या, एवढ्याने कुणाची जीभ सुटत नाही. तालमीशिवायची यादी ही नुसती छपाई आहे.

दडपणच माणसाला घडवतं, असा एक युक्तिवाद वरिष्ठांच्या तोंडी नेहमी असतो. थोडा ताण हवाच, त्याने कामगिरी उंचावते, म्हणत ते घंटेच्या आकाराची वक्ररेषा दाखवतात. तिचं मूळ १९०८ मधल्या, यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात आहे. तो उंदरांवर केला होता. काळ्या आणि पांढऱ्या खोक्यांतलं योग्य खोकं निवडायचं, चुकलं की विजेचा झटका. निवड सोपी असताना झटका जितका तीव्र, तितकं शिकणं लवकर. निवड कठीण केल्यावर मात्र जोराच्या झटक्याने उंदीर मागे पडू लागले आणि मध्यम झटकाच बरा ठरला. ज्यांना आपल्या माणसांवरचा ताण वाढवायचा असतो ते या प्रयोगाचा आधार घेतात, आणि कठीण कामाबद्दल त्यात काय दिसलं तेवढं नेमकं गाळतात.

बक्षिसाचंही तसंच. माणसं निर्णय कसे घेतात याचे अभ्यासक डॅन एरिएली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या खेड्यांत लोकांना स्मरणशक्तीचे, एकाग्रतेचे, हाताच्या कौशल्याचे खेळ दिले. काहींना छोटं बक्षीस, काहींना मध्यम आणि काहींना कित्येक महिन्यांचा खर्च भागेल एवढं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की सर्वांत मोठं बक्षीस समोर असलेल्यांचीच कामगिरी सर्वांत खराब झाली. एका दिवसावर, एका पेपरवर, एका मुलाखतीवर आयुष्य टांगून ठेवायचं आणि वर मुलाला म्हणायचं, टेन्शन घेऊ नकोस! डाव एवढा मोठा करून ठेवणारे आपणच असतो. दुसरी संधी आहे, ती कधी आहे आणि तोवर घरात कुणी तोंड फिरवणार नाही, हे परीक्षेच्या आदल्या महिन्यात स्पष्ट सांगितलं तर घाबराघुबरा चेहरा करून मुलं वर्गात शिरणार नाहीत.

मग माणसाने स्वतः काहीच करायचं नाही का? करायचं. श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दिला की ठोके थोडे उतरतात, हे शरीराचं साधं गणित आहे आणि कुठेही करता येतं. तोंडाने पुढचं पाऊल उच्चारणं मला सगळ्यांत उपयोगी वाटतं. जे हातात मुरलेलं आहे त्यात ऐनवेळी नाक खुपसू नये, हेही खरं. सराईत गोल्फपटूंना आपल्या हाताच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं की त्यांचा फटका बिघडतो. नवख्यांना तेच लक्ष उपयोगी पडतं. म्हणजे कुणाला काय सांगायचं, हे तो किती मुरला आहे त्यावर ठरतं. 'स्वतःवर विश्वास ठेव' हे वाक्य या दोघांनाही काही देत नाही.

पण हे सगळे उपाय तालमीच्या नंतरचे आहेत. मला राग येतो तो इथे. कर्मचाऱ्यांना ताणमुक्तीचं व्याख्यान दिलं जातं, श्वसनाचे व्यायाम शिकवले जातात, भिंतीवर समुद्राची चित्रं लागतात. आणि त्याच माणसाला सलग इतकं जागवलं जातं की विचारू नका. सतरा तास जागं असलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाएवढी घसरते, हे १९९० च्या दशकापासून मोजलेलं आहे. कितीतरी देशांत तेवढ्या अल्कोहोलवर गाडी चालवायला बंदी आहे. त्या अवस्थेतल्या परिचारिकेला, यंत्रचालकाला, नियंत्रकाला 'मन शांत ठेवा' म्हणणं ही क्रूरता आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जिथे चुकीची किंमत जिवाने मोजावी लागते, तिथे तालीम कामाच्या वेळेत, पगारी तासांत व्हावी. सुट्टीच्या दिवशी बोलावून नाही. ती गोंगाटात व्हावी, अर्धवट माहितीवर व्हावी, मधेच एक माणूस काढून घेऊन व्हावी. तालमीतली चूक कुणाच्या नोंदवहीत जाऊ नये. सर्वांत कनिष्ठ माणसाला 'थांबा' म्हणण्याचा सराव असावा आणि सर्वांत वरिष्ठाला ते ऐकून खरोखर थांबण्याचा. खर्च वाढेल, पाळीला माणसं जास्त लागतील. लागू द्यात.

असा विचार करणं अशक्य नाही, हे मला त्याच प्रशिक्षणात दिसलं. दुपारी एक लहानशी पेटी पुढ्यात आली. हृदय बंद पडलेल्या माणसाला विजेचा झटका देणारं यंत्र. झाकण उघडलं की ते बोलायला लागतं. एका वेळी एकच वाक्य. छाती उघडी करा. पट्ट्या लावा. पट्टी कुठे लावायची त्याचं चित्र त्या पट्टीवरच छापलेलं. मग, रुग्णाला हात लावू नका. हृदयाची लय ते स्वतः तपासतं आणि झटक्याची गरज नसेल तर बटण कितीही दाबलं तरी देत नाही. ज्यांनी ते बनवलं त्यांनी गृहीत धरलं की वापरणारा माणूस थरथरत असेल, त्याला वाचायला सुचणार नाही, त्याच्या हातून चुकीचं बटणही दाबलं जाईल. त्याला शांत हो म्हणण्याऐवजी त्यांनी त्याच्या थरथरत्या हातांना पेलेल असं काम त्याला दिलं. कामाच्या जागा अशा का आखू नयेत?

माझ्या प्रमाणपत्रावर दोन वर्षांची मुदत छापलेली आहे. हात मात्र काही महिन्यांतच विसरू लागतात, हे शिकवणारे सगळेच सांगतात. परवा घरी उशीवर करून पाहिलं. खोली बरोबर आहे की नाही ते कळेना, कारण उशी टक् करत नाही. पुढच्या रविवारी पुन्हा नाव नोंदवलं आहे, आणि प्रशिक्षकांना कळवलं आहे की या वेळी आवाजाचं ध्वनिमुद्रण पहिल्या मिनिटापासून लावा.